हॉग लाईन कशी ऐकावी

दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, गिटार थांबल्यावर आणि सुई आतल्या रिकाम्या खोबणीत शिरण्याच्या जरा आधी, एक पक्षी गातो. दोन लांब शिट्या, मग तीन थरथरत्या. आवाज इतका बारीक की साध्या स्पीकरवर तो तबकडीच्या खरखरीत विरून जातो. मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून ही तबकडी ऐकत आले आहे आणि मला तो कधी ऐकू आला नव्हता. त्या रविवारी सकाळी लुबोच्या तबकड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी कामावरचे हेडफोन लावून बसले होते, म्हणून ऐकू आला.

पक्षी ऐकणं हा माझा व्यवसाय आहे. उन्हाळ्यात आमचे लोक उत्तरेच्या जंगलात झाडांना ध्वनिमुद्रक बांधून येतात, आणि हिवाळाभर मी विनिपेगला खोलीत बसून ते ऐकते: कोण गातंय, कितीजण आहेत, जवळून की लांबून. ही पांढऱ्या गळ्याची चिमणी होती. स्वरांचा क्रम तिचाच होता, यात शंका नव्हती. पण ती फार खालच्या पट्टीत गात होती, आणि फार सावकाश.

मी तो तुकडा पुन्हा लावला. लॅपटॉपवर आवाजाचं चित्र काढलं. शिट्टी त्या चित्रात आडव्या रेघेसारखी दिसते आणि रेघ किती उंचीवर आहे त्यावरून पट्टी कळते. एखादी चिमणी इतरांपेक्षा थोडी खाली गाते, तेवढा फरक असतोच. हा फरक तेवढा नव्हता. पट्टी जितकी खाली उतरली होती, शिट्ट्या बरोबर तितक्याच लांबल्या होत्या. दोन्ही एकाच प्रमाणात बिघडतात तेव्हा दोष पक्ष्याचा नसतो. मी भागाकार केला. उत्तर पाऊणच्या किंचित खाली आलं. तेहतीस आणि एक तृतीयांश, भागिले पंचेचाळीस.

ही तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची होती. आम्ही सगळे ती आजवर तेहतीसवर वाजवत आलो होतो.

लुबो दोन कप कॉफी घेऊन आत आला. "काय गं मार्लिस, भूत बघितलंस का?"

"शेवटी एक पक्षी आहे," मी म्हणाले.

"पक्षी? आपल्या तबकडीवर?" त्याचा चेहरा उजळला. "वा! नव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत घालू. तूच लिही चार ओळी. दुःखी पक्षी आहे ना?"

मी कॉफी घेतली आणि लॅपटॉप मिटला.

*

हॉग लाईन म्हणजे कर्लिंगमधली, बर्फावरून जड दगड सरकवण्याच्या खेळातली, ती रेघ, जिच्या आधी दगड हातातून सोडावा लागतो. आणि हॉग लाईन म्हणजे गिमलीच्या वरच्या अंगाला, सरोवराकाठच्या एका गावातली तीन मुलं: गिटारवर आयनार, ड्रमवर त्याची धाकटी बहीण थोरा, आणि बेसवर त्यांचा एक चुलतभाऊ, जो पुढे अल्बर्टात तेलाच्या कामाला गेला आणि तिकडचाच झाला. नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात, गावच्या रिंकमधला बर्फ काढल्यावर, त्या रिकाम्या घुमणाऱ्या शेडमध्ये त्यांनी आपली एकुलती एक तबकडी मुद्रित केली. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत. एका बाजूला दोन रचना, दुसऱ्या बाजूला एकच. मोठ्या आकाराची तबकडी, कोरं पांढरं लेबल, त्यावर रबरी शिक्क्याने उठवलेलं नाव. मोजक्या प्रती निघाल्या. त्यातल्या काही आयनारने शेरब्रुक स्ट्रीटवरच्या लुबोच्या दुकानात आणून ठेवल्या. लुबो त्या दिवशी दुकानात नव्हता. परत आल्यावर त्याने एक टर्नटेबलवर ठेवली. लेबलवर वेग लिहिलेला नव्हता. मोठी तबकडी म्हणजे तेहतीस, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. सुई टेकवली आणि, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, त्याला खाली बसावं लागलं.

ही चूक आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते. पोल्का नाचाचं संगीत ऐकणाऱ्याने अर्ध्या मिनिटात वेगाचा काटा फिरवला असता. पण आम्ही पोस्ट-रॉकवाले. ज्या संगीतात गिटार एका सुरावर पाच मिनिटं उभी राहते आणि मग धुक्यातून काहीतरी हळूहळू वर येतं, ते आमचं संगीत. एखादी गोष्ट संथ असली की ती खरी असणार, असं आम्ही मानत होतो. ड्रम जड वाजत होता, सरोवरावरचा बर्फ आतून तडकतो तसा. गिटारचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षाही खालून येत होता. यात काही चुकलं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दुकान बंद करून लुबो मागच्या खोलीत खुर्च्या मांडायचा. ज्याची पाळी असेल त्याने एक तबकडी आणायची, आणि ती वाजण्याआधी तिच्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. बाजू संपेपर्यंत इतरांनीही बोलायचं नाही. नंतर मात्र भांडायला मोकळीक. कुणी नवीन माणूस आला आणि तीन-चार महिने टिकला, की लुबो त्याला हॉग लाईनची शिफारस करायचा. त्याची पद्धत ठरलेली होती. स्वतःच्या प्रतीवरून कॅसेट उतरवायची आणि ती हातात द्यायची. पोस्टाने पाठवायची नाही. सोबत सूचना असायची: गाडीत ऐकायची, एकट्याने, आणि पेरिमीटर हायवे ओलांडून शहर मागे पडेपर्यंत लावायची नाही. पुढच्या महिन्यात तो माणूस आला की आमच्यातला मेनो, जो तेव्हा पोस्टमन होता, त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचारायचा, "कुठपर्यंत गेलास?" कुणी म्हणायचं पोर्टाज, कुणी म्हणायचं ब्रँडन. एकजण अमेरिकेच्या सीमेवर पोचला होता. तिथल्या अधिकाऱ्याने कुठे चाललात विचारल्यावर त्याला उत्तर सुचेना.

मला कॅसेट मिळाली त्या हिवाळ्यात माझे वडील गेले होते. आल्टोनाला शेतावर आईजवळ राहायचं आणि सोमवारी विद्यापीठात परत यायचं, असे ते दिवस होते. तो रस्ता अगदी सरळ आहे. दोन्ही बाजूंना बर्फ, आणि क्षितिजावर धान्याचा एखादा उंच कोठा, कितीही गाडी चालवली तरी जवळ न येणारा. मी कॅसेट लावली. कोठा जवळ आला तेव्हा पहिली बाजू संपत आली होती. घरी मला रडता आलं नव्हतं. तिथे आलं.

पुढे कितीतरी उन्हाळे ती कॅसेट आमच्या कामाच्या ट्रकमध्ये होती. तेव्हा मीही जंगलात जायची; माझी सहकारी इवेट गाडी चालवायची, मी नकाशा धरायची. खडीच्या रस्त्यावर खिडक्या बंद, काचांवर धूळ, आणि त्या जड ढोलाच्या ठेक्यावर दोन्हीकडून मागे जाणारी काळी झाडं. आम्ही तासन्‌तास बोलायचो नाही, तरी त्या उन्हाळ्यांइतकी सोबत मला पुन्हा कधी मिळाली नाही. इवेट आता युकॉनला असते. तिला कधी फोन केला तर अजून विचारते, "आहे का गं ती कॅसेट?" कॅसेट आहे. ती वाजवायला आता काही नाही.

नंतर इंटरनेट आलं. कुणीतरी लुबोच्या अशाच एका कॅसेटवरून त्या रचना वर चढवल्या, आणि मग ओसाकाचे, ग्लासगोचे, कुठकुठले लोक एकमेकांना लिहू लागले की प्रेअरीवरचं सर्वांत उदास संगीत ऐकायचं असेल तर ह्या तिघांना ऐका, यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. आमचेच शब्द फिरून आमच्याकडे यायचे. लुबोला त्याचा अभिमान होता. आता तो सत्तरी ओलांडून गेला होता, वसंतात दुकान बंद करणार होता, आणि त्याआधी त्याला एकच काम उरकायचं होतं. शिकागोची एक लहानशी कंपनी हॉग लाईनची तबकडी पुन्हा काढायला तयार होती. मूळ टेप कधीच हरवली होती, त्यामुळे लुबोच्या प्रतीवरूनच आवाज उतरवायचा होता. ते काम माझ्याकडे आलं. राहिली होती फक्त परवानगी. ती द्यायची होती थोराने, आणि थोरा देत नव्हती.

नाही असंही ती म्हणत नव्हती. लुबो वर्षानुवर्षं तिच्या फोनवर निरोप ठेवत आला होता. मी तिच्याबरोबर बुधवारी कर्लिंग खेळते, त्यामुळे तो माझ्याकडूनही निरोप धाडायचा. मी म्हणायची, "लुबो विचारत होता." थोरा म्हणायची, "हं." आणि बर्फ घासायचा झाडू घेऊन खेळायला उतरायची.

*

त्या बुधवारी आम्ही हरलो. आमच्यात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजायचं असतं, त्यामुळे हरल्याचं दुःख फार टिकत नाही. क्लबच्या वरच्या मजल्यावर काचेपाशी आम्ही दोघी बसलो होतो. खाली पुढचा सामना चालू झाला होता. थोरा शाळेची बस चालवते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तिच्याकडे बघून कुणाला वाटणार नाही की ओसाकातली मुलं तिच्या हातांबद्दल कविता लिहितात.

"लुबो विचारत होता," ती माझी नक्कल करत म्हणाली. "म्हण की. आज म्हणाली नाहीस."

"थोरा, ती तबकडी कुठल्या वेगाने वाजवायची?"

तिने ग्लास खाली ठेवला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"कळलं कसं तुला?"

"शेवटी एक पक्षी आहे. त्याची पट्टी चुकलीय."

ती इतक्या जोरात हसली की शेजारच्या टेबलावरचे वळले. "पक्षी! अगं, आयनारने खिडकी उघडी ठेवली होती. मी म्हटलं बंद कर, आवाज येईल बाहेरचा. तर म्हणतो, उकडतंय. मे महिन्यात! रिंकमध्ये!" हसता हसता तिने डोळे पुसले. "देवा रे. पाखराने पकडून दिलं त्याला."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मी वाजवलंय ते. मला नाही माहीत होणार?"

मग तिने सांगितलं. पहिली रचना त्यांनी बसवली ती एका बहिणीच्या सोशलसाठी. लग्नाआधी मित्रमंडळी हॉल घेऊन तिकिटं विकतात, नाच होतो, राय ब्रेड आणि मांसाचे काप असतात, तो सोशल. आयनारला नाचायचं काहीतरी करायचं होतं, पण लोक सहसा नाचतात तसलं नाही. त्याला धावणारं हवं होतं. "आमच्या मागे कुत्रं लागलं होतं लहानपणी, तसं, म्हणायचा. घाबरलेलं नव्हे गं, पळायला मिळतंय म्हणून पळणारं." तबकडी निघाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात लुबोच्या दुकानात ती वाजवतात असं कळलं, म्हणून एका रविवारी आयनार न सांगता जाऊन मागे कोटांच्या खुंट्यांजवळ उभा राहिला.

"घरी आला तो हसून हसून लोळायला लागला. म्हणाला, थोरा, आपण म्हातारे झालोय. आपण फार दुःखी आहोत, तुला माहीत नाही. हत्ती मेल्यासारखं वाजतंय. मी म्हटलं, अरे मग सांगितलं नाहीस? तर गप्प झाला. म्हणाला, पुढच्या रांगेत एक मुलगी रडत होती. तिच्यासमोर कसं सांगू? पुढच्या महिन्यात सांगतो."

ती मुलगी मीच होते. थोराने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला ते आधीपासून माहीत असावं.

"पुढचा महिना आलाच नाही," ती म्हणाली.

ते मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. आयनार हिवाळ्यात काकाबरोबर सरोवरावर मासेमारीला जायचा. बर्फाखाली जाळी टाकतात तशी. त्या वर्षी एका ठिकाणी बर्फ पातळ निघाला.

"तो गेल्यावर रेडिओवर लावली ती, आपल्या त्या लहान स्टेशनवर. तेहतीसवर. मी बसमध्ये होते, पोरं सोडून परत येत होते. आणि मार्लिस, ते बरोबर वाटलं मला. तेव्हा मला जसं होत होतं तसंच वाजत होतं ते. मग मी गप्पच बसले. आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात हे सगळं एवढं मोठं झालं." तिने ग्लास हातात फिरवला. "आता हो म्हटलं की वेग सांगावा लागणार. वेग सांगितला की जग हसणार. लुबोला हसतील, तुम्हा सगळ्यांना हसतील, ते एक वेळ चालेल. पण आयनारला हसतील. आणि नाही सांगितला, तर माझा भाऊ कायमचा रडका म्हणून छापला जाणार. तू काय केलं असतंस?"

"मी मोजून देऊ शकते. ठरवून देऊ शकत नाही."

"मोठी आलीय मोजणारी." ती उठली आणि कोट घालायला लागली. बाही चढवता चढवता थांबली. "खऱ्या वेगाने मी तो गेल्यापासून ऐकलेलं नाही. घरी यंत्रच नाही. या रविवारी आहे का ते तुमचं?"

"आहे."

"मग येते. पण लुबोला आधी काही बोलू नकोस. नियम आहे ना तुमचा, वाजण्याआधी बोलायचं नाही?"

*

रविवारी लुबोने नक्षीकाम केलेला पांढरा शर्ट घातला होता, जो तो एरवी ईस्टरलाच घालतो. थोरा येणार एवढंच मी त्याला सांगितलं होतं.

"कुणाचं लग्न आहे?" मेनोने विचारलं. आता तो निवृत्त झाला आहे, आणि उन्हाळा-हिवाळा एकच स्वेटर घालतो.

"तू गप्प बस. आणि पाय आत घे, तिला बसायला जागा हवी."

थोरा आली ती हातात केकचा डबा घेऊन. आलुबुखाऱ्याच्या थरांचा, तिच्या आजीच्या पद्धतीचा. लुबोने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला बोलताच येईना. शेवटी म्हणाला, "मी तुम्हाला फार फोन केले. माफ करा."

"मी एकही उचलला नाही. फिट्टंफाट," थोरा म्हणाली.

आम्ही चौघंच होतो. बाहेर थंडी इतकी होती की नेहमीच्यांपैकी दुसरं कुणी फिरकलं नाही. लुबोने तबकडी काढली, मखमलीच्या फडक्याने पुसली, टर्नटेबलवर ठेवली. तेहतीसवर.

थोराने अडवलं नाही. ती मांडीवर हात ठेवून बसली.

ढोल सुरू झाला. मला वाटलं होतं की चूक कळल्यानंतर मला ती ऐकूच येईल, प्रत्येक ठोक्यात. तसं झालं नाही. पहिल्याच सुराला आल्टोनाचा रस्ता समोर आला, ट्रकच्या काचांवरची धूळ आली, इवेटचा उजवा हात आला, गिअरवर विसावलेला. तीस वर्षांपूर्वीची मी त्या आवाजात जशीच्या तशी ठेवलेली होते. वेग चुकला होता हे मला आकड्यांनी पटलं होतं. पण त्या खोलीत बसून मला एवढंच वाटत होतं की हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये.

बाजू संपली. लुबोने सुई उचलली. मेनोने नाक शिंकरलं. नियमाप्रमाणे आता बोलायला हरकत नव्हती, पण सगळे थोराकडे बघत होते.

"आता तो काटा पंचेचाळीसवर करा," ती म्हणाली.

लुबो हसला. "अहो, ही मोठी तबकडी आहे. पंचेचाळीसवर केली तर..."

"करा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने काटा फिरवला आणि सुई टेकवली.

मी मनात एक विनोदी आवाज धरून बसले होते, चिरका, घाईचा. तो आवाज आलाच नाही. जे सुरू झालं ते हलकं होतं. ढोलाला एकदम पाय फुटले. ज्या ठोक्यांना मी बर्फाचं तडकणं समजत होते ते कुणीतरी लाकडी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येण्यासारखे होते. गिटार वर चढली, उघडी झाली, आणि जिथे आम्हाला सुस्कारा ऐकू यायचा तिथे ती वळून पुन्हा धावत सुटली. मधे एका जागी ढोल आणि गिटार एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा भेटतात. तेहतीसवर ते रात्रभर जागून कुणाची तरी वाट पाहण्यासारखं वाटायचं. पंचेचाळीसवर ती भावंडांची मस्करी होती, एकाने हूल देऊन दुसऱ्याला चुकवावं तशी.

मेनोचा पाय हलत होता. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा त्याने गुडघ्यावर हात दाबून धरला.

बाजू संपल्यावरही कुणी सुई उचलली नाही. ती आत टकटक करत राहिली.

"लुबो," मेनो म्हणाला, "इतकी वर्षं तू मला चुकीच्या वेगाने रडवलंस?"

लुबोने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो थोराशी बोलला, अगदी हळू. "त्यांना माहीत होतं? आयनारना?"

"आला होता तो इथे. त्या हिवाळ्यात. तिकडे कोटांजवळ उभा होता. त्याला हसू आवरत नव्हतं म्हणे, आणि कुणीतरी त्याला दटावलं."

मेनोचा हात गुडघ्यावरून निसटला. "उंच? निळी टोपी?" त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. मी 'शू' केलं होतं त्याला. म्हटलं, संगीत कळत नसेल तर बाहेर जा."

क्षणभर वाटलं की थोरा चिडेल. पण ती मागे रेलली आणि छत हादरेल इतकी हसली. "ते नव्हतं सांगितलं मला त्याने! 'कुणीतरी' म्हणाला फक्त. मेनो, तू माझ्या भावाला त्याच्याच गाण्यातून हाकललंस?"

"हाकललं नाही, शू केलं," मेनो रडवेला होऊन म्हणाला, आणि मग तोही हसायला लागला.

लुबो हसला नाही. त्याने सुई उचलली, तबकडी काढली आणि हातात धरून उभा राहिला, कुठे ठेवावी ते न कळल्यासारखा. त्याने आयुष्यात जितक्या कॅसेटी उतरवल्या असतील, जितक्या माणसांना पेरिमीटरच्या बाहेर धाडलं असेल, ती सगळी त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे असावीत. मी त्याला खुर्ची दिली.

"मी सगळ्यांना चुकीचं सांगत आलो," तो म्हणाला.

"चुकीचं नाही," मी म्हणाले. "तू सांगितलंस तसं त्यांनी ऐकलं, आणि त्यांना जे झालं ते खरंच झालं. मला झालं."

"तुझं विज्ञान काय म्हणतं ते सांग."

"विज्ञान म्हणतं पंचेचाळीस. बाकीचं त्याला विचारू नकोस."

मग लुबो दुकानदारासारखा बोलायला लागला, जे मला सोसणं जास्त कठीण गेलं. शिकागोवाल्यांना आज-उद्यात कळवायला हवं. त्यांना हवंय ते संथ. जगभरच्या लोकांना माहीत आहे ते संथ. हे धावणारं त्यांनी ऐकलं तर कदाचित ते काढणारही नाहीत. पण त्याला एक सुचत होतं. "संथच छापू. चूक म्हणून नव्हे. हेही एक रूप आहे म्हणून. कुणाला काही सांगायची गरज नाही. तुमच्या भावाला कुणी हसणार नाही, थोरा. सगळे त्याला मानतात. असंच राहू द्या ना. तुम्हीच इतकी वर्षं राहू दिलंत."

"दिलं," थोरा म्हणाली.

ती उठून टर्नटेबलजवळ गेली. तबकडी लुबोच्या हातातून घेऊन तिने उजेडात तिरकी धरली, खोबणी दिसतील अशी.

"मला पत्रं येतात, माहितीये?" ती म्हणाली. "मुलं लिहितात. तुम्ही वाजवताना किती दुःखात होता, ते आम्हाला कळतं म्हणून. चांगली पोरं आहेत. त्यांचं काही चुकत नाही. पण मी दुःखात नव्हते. मी बावीस वर्षांची होते, आयनार पंचवीसचा. खिडकी उघडी होती. आमच्याकडे थर्मासभर कॉफी होती आणि गावात कुणाला माहीत नव्हतं आम्ही कुठे आहोत ते. त्याने मधे मला हूल दिली आणि मी चुकले नाही, तेव्हा तो ओरडला होता. ते टेपवर यायला नको म्हणून नंतर पुन्हा वाजवलं आम्ही." तिने तबकडी पाकिटात सरकवली. "दुःख नंतर आलं. ते ह्याच्यावर नाही. ते मी वेगळं सांभाळलंय. ह्याच्यावर ती एक दुपार आहे फक्त, आणि ती तशी कुणी ऐकलेलीच नाही. मी सुद्धा नाही, तो गेल्यापासून आत्तापर्यंत."

लुबो खाली बघत होता. मेनोने केकचा डबा उघडला होता, पण कापायला सुरी उचलली नव्हती. मला माझा आल्टोनाचा सरळ रस्ता आठवला, आणि मी तो माझ्यापुरताच राहू दिला.

"ते कदाचित नाही म्हणतील," लुबो पुन्हा म्हणाला.

"म्हणू देत."

"लोक हसतील."

"तोही हसला होता."

लुबोने मान वर केली. डोळे पुसून त्याने शर्टाची बाही नीट केली. "मग मी काय कळवू त्यांना?" त्याने विचारलं. "तुम्ही सांगा. मी तेच शब्द लिहितो."

"लिहा की माझी परवानगी आहे," थोरा म्हणाली. "पंचेचाळीसवर."